लाटे : एक रसग्रहण

"लाटे म्हणजे नक्की काय लाटायचं?" हिनं विचारलं.

"काही लाटायचं नसतं. इटालियन भाषेत लाटे म्हणजे दूध."

"मग दूध म्हणा की!"

समीक्षेचा हा रोखठोक संप्रदाय आमच्या घरात गेली पस्तीस वर्षं नांदतो आहे. मी स्वतः मराठीचा प्राध्यापक. निवृत्त होईपर्यंत वर्गात काव्यशास्त्र शिकवलं आणि रविवार पुरवण्यांतून परीक्षणं लिहिली. पण एका वाक्यात समोरच्या कलाकृतीचा निकाल लावण्याची हिची हातोटी मला कधी साधली नाही. एकदाच साधली, आणि ती मला बावीस वर्षं पुरली. त्या वाक्यापर्यंत पोचायचं तर लॅव्हेंडरच्या लाटेवरून जावं लागेल.

त्याचं असं झालं. लेक सुटीवर येताना दोन वस्तू घेऊन आली. एक, कॉफी करायचं अष्टकोनी भांडं. १९३३ सालचा हा इटालियन शोध. खाली पाणी, मध्ये पूड. वाफेचा दाब वाढला की पाणी पुडीतून वर चढतं आणि दाट, काळा अर्क होऊन वरच्या भांड्यात उतरतं. दुसरी वस्तू म्हणजे वाळलेल्या लॅव्हेंडरच्या फुलांचं पाकीट. ही फुलं मात्र आपल्याकडचीच. जम्मूतल्या भदरवाहच्या बाजूला आता लॅव्हेंडरची शेती होते. त्यामुळे 'परदेशी खुळं' हा हिचा नेहमीचा आक्षेप निम्म्यावर आला.

"मित्रांना ब्रंचला बोलवा," लेक म्हणाली आणि दोन दिवसांनी परत गेली. ब्रंच ही कल्पना गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकानं १८९५ साली एका लेखात मांडली. (गाय हे त्याचं नाव, आपण काही बोलू नये.) शनिवारी रात्र जागवणाऱ्यांना रविवारी लवकर उठावं लागू नये, असा त्याचा कनवाळू युक्तिवाद होता. आम्ही चौघे कॉलेजमित्र शनिवारी साडेनऊला त्रिफळा चूर्ण घेऊन झोपतो. पण तत्त्व म्हणून पटलं. हिची व्याख्या निराळी : "ब्रंच म्हणजे ज्यात नाश्ता उशिरा मिळतो आणि जेवण मिळतच नाही."

चौघांत एक आमचा कवी. बावीस वर्षांपूर्वी त्याचा पहिला संग्रह आला तेव्हा परीक्षण मी लिहिलं. पारिजात, बकुळ, चाफा, रातराणी. पानोपानी नुसता दरवळ. मी लिहिलं, "फुलं फार, झाड दिसत नाही." वाक्य गाजलं. ज्यांनी संग्रह उघडला नव्हता त्यांनीसुद्धा ते पाठ केलं. कवीचं आणि माझं बोलणं काही थांबलं नाही. कवितेवरचं थांबलं. त्याचा दुसरा संग्रह आला नाही. तो बँकेत बढत्या घेत राहिला आणि दर दिवाळीला चकल्या पाठवत राहिला.

असो. कृतीकडे वळू. लेकीनं लिहून ठेवलं होतं : वाटीभर साखर, वाटीभर पाणी. साखर विरघळली की गॅस बंद करून मोठा चमचाभर फुलं टाकायची, पंधरा मिनिटं झाकायचं, गाळायचं. कपाला एक लहान चमचा पाक. दूध साठ ते पासष्ट अंशांपर्यंत तापवायचं, फेस काढायचा, अर्कावर ओतायचं.

माणसं आठ, म्हणून मी फुलं तीन चमचे घेतली. चहाच्या सवयीनं पाण्याबरोबरच टाकली आणि रंग येईपर्यंत उकळली. जांभळा रंग येईल अशी माझी समजूत होती. आला तो काढ्याचा. मग दुधाचा प्रश्न. पासष्ट अंश हे तापमान मराठी स्वयंपाकघराला मान्य नाही. आपल्याकडे दूध तापलं म्हणजे वर आलंच पाहिजे. उकळलेल्या दुधाला निराळी चव येते आणि लाटेचा मऊ फेस नीट जमत नाही, हे मी हिला समजावलं. "नासलं तर तुमच्या नावावर," असा करार झाला. फेस मी ताकाच्या रवीनं काढला, आणि तो उत्तम निघाला. त्या दिवशीचं माझं निर्विवाद यश म्हणजे फेस.

पाहुणे आले. कप फिरले. पहिल्या घोटानंतर सभ्य मराठी समीक्षा सुरू झाली. एक मित्र म्हणाला, "वेगळं आहे." दुसरा म्हणाला, "प्रयोग म्हणून ठीक." वहिनी म्हणाल्या, "कप कुठून घेतले हो? सुरेख आहेत." आयुष्यभर परीक्षणं लिहिलेल्या माणसाला या तिन्ही वाक्यांचा अर्थ कळतो. ही म्हणाली, "धण्याचं पाणी लागतंय." हिचं रसायनशास्त्र पक्कं निघालं. लॅव्हेंडरला वास देणाऱ्या मुख्य द्रव्यांपैकी एक, लिनॅलूल, धण्याच्या तेलातही भरपूर असतं. मी हे सांगू लागलो, पण कोणाला ऐकायचं नव्हतं.

कवी मात्र शांतपणे पीत होता. अर्धा कप संपवून त्यानं खाली ठेवला.

"फुलं फार," तो म्हणाला. मग जरा थांबून, "कॉफी दिसत नाही."

खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. बावीस वर्षं सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य कोणी ओळखलं नाही असं होणं शक्यच नव्हतं. मी "दुसरी करतो" म्हणत आत पळालो.

आत उभा राहून माझाच कप चाखला आणि माझं काव्यशास्त्र मलाच आठवलं. आनंदवर्धनानं नवव्या शतकात 'ध्वन्यालोका'त सांगून ठेवलंय की काव्याचा प्राण सुचवण्यात आहे. मम्मटानं तर रसाचं नाव घेऊन रस सांगणं हा दोषच ठरवला. नाटकात पात्रानं "मला फार दुःख झालं" म्हटलं की प्रेक्षक रुमाल खिशात ठेवतो. लाटेचंही तसंच. घोट कॉफीचा हवा. कप खाली ठेवताना, यात कुठे फूल होतं का, असं वाटलं पाहिजे. फूल व्यंग्य हवं, वाच्य नको. त्याची सोयही आहे : वासाची द्रव्यं दुधातल्या स्निग्धांशात विरघळतात आणि हळूहळू सुटतात. पण फुलं उकळली की नाजूक वास उडून जातो आणि खाली उरतो तो कडू, कापरासारखा उग्रपणा. आपल्या आज्यांना हे मम्मट न वाचता ठाऊक होतं. त्या कॉफीत जायफळ दोनदा किसणीवर फिरवून बाजूला ठेवत. माठात मोगऱ्याची चार फुलं टाकत. गजरा बुडवत नसत.

पाठीमागे कवी येऊन उभा होता. त्यानं न विचारता रवी हातात घेतली.

"तुझं बरोबर आहे," मी म्हणालो.

"तुझंही बरोबर होतं," तो म्हणाला.

खरं तर तिथेच थांबता आलं असतं. पण मी म्हणालो, "सगळं नव्हतं. त्या संग्रहात दोन कविता निराळ्या होत्या. रेशनच्या रांगेतली आणि वडिलांच्या चपलांवरची. त्यांत एकही फूल नव्हतं. त्यांच्याबद्दल लिहिलं असतं तर माझं ते वाक्य बसलं नसतं. म्हणून लिहिलं नाही."

हे मी पहिल्यांदाच बोललो, स्वतःशीसुद्धा. नेमकेपणासाठी वाखाणलेलं माझं परीक्षण त्याच दोषाचं होतं : फूल एक, आणि त्याच्यासाठी झाड कापलेलं.

"माहीत होतं," तो दूध घुसळत म्हणाला. "परीक्षणानंतर तू प्रत परत केलीस ना? त्या दोन पानांचे कोपरे दुमडलेले होते. मी म्हटलं, वाचल्यात यानं. मग लिहिलं का नाही, तेवढंच कळलं नव्हतं."

यावर काय बोलणार? मी पाक नवा केला. गॅस बंद करून फुलं टाकली, मोजून पंधरा मिनिटं झाकली. तेवढा वेळ आम्ही दोघं गप्प होतो, आणि ते बरं वाटलं. या खेपेला कपाला अर्धाच चमचा.

त्यानं घोट घेतला. "आता कॉफी आहे." थोड्या वेळानं म्हणाला, "फूलही आहे वाटतं."

हिनं चव घेऊन सांगितलं, "बरं आहे. जायफळ चाललं असतं." हिच्याकडून हे म्हणजे पुरस्कारच.

निघताना कवी चपला घालता घालता म्हणाला, "घरी काही कागद पडलेत. परीक्षण नको. नुसते कोपरे दुमडून दे."

चौतीस कागद आले आहेत. रोज सकाळी चार वाचतो. अकरा दुमडून झाले. काल ही समोर येऊन उभी राहिली.

"काय चाललंय?"

"समीक्षा."

"घड्याच घालायच्या तर वाळलेले कपडेही पडलेत," ती म्हणाली, आणि ढीग माझ्यासमोर ठेवून गेली.