मराठी मातीची सही

मुळशीच्या डोंगरात लवासा हे नवं शहर वसवताना दासव्याच्या जलाशयाकाठी इटलीतल्या पोर्तोफिनो बंदराच्या धर्तीवर इमारती उभ्या राहिल्या. त्याच पुणे जिल्ह्याच्या पूर्वेला, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन करून तीन हजार वर्षांपूर्वीची भांडी आणि ती भाजण्याची भट्टीही उजेडात आणली. आजच्या मराठी मृत्कलेचं दुखणं या दोन ठिकाणांच्या मध्ये आहे. घाट शोधायला आपण लांब जातो आणि घरचा घाट काचेच्या कपाटात राहतो.

इनामगावची ही परंपरा संगमनेर तालुक्यातल्या प्रवराकाठच्या जोर्वे गावाच्या नावाने ओळखली जाते. बारीक गाळलेली माती, चाकावर काढलेलं पातळ अंग, भाजल्यावर येणारा तांबूस-नारिंगी रंग आणि त्यावर काळ्या रेघांची भौमितिक नक्षी. भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर भांडं खणखणतं. वाडग्याच्या पोटाला मध्येच ठसठशीत कंगोरा असतो, त्याच्या वर आणि खाली उजेड वेगळा पडतो. गोल पोटाच्या भांड्याला लांब नळीसारखी तोटी काढली की त्या गोलाईला दिशा मिळते. आकाराची एवढी जाण नुसत्या गरजेतून येत नाही.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या प्वेब्लो समाजाने असाच वारसा पुन्हा हातात घेतला. नाम्पेयो या होपी-तेवा कुंभारणीने सिक्याट्की या उजाड गावाच्या खापरांवरून स्वतःची शैली घडवली. सान इल्देफोन्सो या प्वेब्लो गावातल्या कुंभारीण मारिया मार्टिनेझ यांच्यासमोर पुरातत्त्वज्ञ एडगर हेवेट यांनी उत्खननातली खापरं ठेवली. मारिया चाकाशिवाय, मातीच्या वळ्या रचून भांडं उभं करत आणि गुळगुळीत दगडाने घासून चकाकी आणत. पती हुलियान नक्षी काढत. भाजताना शेणाच्या भुग्याने जाळ कोंडला की भांडं काळंभोर होई. चकचकीत काळ्यावर काळीच मंद नक्षी, हे त्यांचं १९२०च्या सुमाराचं देणं. पुढे मारिया भांड्याखाली सही करू लागल्या. बाहेरच्या गिऱ्हाइकांची आवड या कलेत शिरली हे खरं, पण माती, हात आणि नाव त्यांचंच राहिलं.

आपल्याकडे स्टुडिओ पॉटरी, म्हणजे कलावंतांनी स्वतःच्या स्टुडिओत घडवलेली मृत्कला, जोमात आहे. भाईंदरला काम करणारे ब्रह्मदेव राम पंडित यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. बाराशे अंशांपलीकडची भाजणी आणि राखेचं ग्लेझ यांवर पुण्या-मुंबईच्या अनेक कलावंतांची हुकमत आहे. तरीही यातलं बरंचसं काम जपानी आणि इंग्रजी स्टुडिओंच्या छायेत वावरतं. कारागिरी अव्वल असते, पण हा वाडगा पुण्याचाच, असं ठामपणे म्हणता येत नाही.

दुसरीकडे परंपरेतला कुंभार आहे. जाड काढलेलं मडकं आतून दगडाचा आधार देत, बाहेरून लाकडी थापीने थापटत तो पातळ आणि मोठं करतो. हे कसब वर्षांच्या सरावाशिवाय साधत नाही. पण संक्रांतीची सुगडं, लग्नाची बोळकी, उन्हाळ्यातले माठ आणि दिवाळीच्या पणत्या यांपलीकडे त्याला गिऱ्हाईक नाही, आणि या वस्तूंवर त्याचं नावही नसतं. भद्रावतीत कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ मध्ये ग्रामोदय संघ स्थापून ग्रामीण कुंभाराला नवं तंत्र दिलं. ते काम मोलाचं, पण तंत्राच्या जोडीला कलावंत म्हणून प्रतिष्ठाही हवी होती.

संत गोरा कुंभारांच्या तेरमध्ये सातवाहन काळातल्या मृण्मूर्ती लामतुरे संग्रहालयात आहेत. अशा संग्रहालयांनी कुंभारांना आणि स्टुडिओतल्या कलावंतांना बोलवावं, खापर त्यांच्या हातात द्यावं. कला महाविद्यालयांनी कुंभाराला गुरुजी म्हणून वर्गात आणावं. जोर्व्याची हुबेहूब नक्कल कोणालाच नको आहे, तो घाट पचवून पुढे गेलेलं भांडं हवं आहे. वाचकांनीही पुढचा माठ घेताना तो कोणी घडवला हे विचारावं आणि तळाशी त्याची सही मागावी.