आपल्या रानातली भीती पडद्यावर का येत नाही?

मी समीक्षक नाही, हे आधीच सांगून टाकतो. भुताखेतांचे आणि विज्ञानकथांचे सिनेमे बघणारा मी एक शौकीन माणूस. टीव्हीवर ‘झी हॉरर शो’ लागायचा तेव्हापासूनचं हे वेड. तेव्हा एक गोष्ट खटकायची, ती आजही खटकते. पडद्यावर जंगल आलं की धुकं येतं, घुबड येतं, पांढरी साडी येते. आणि आपण चंद्रपूर-गडचिरोलीची माणसं विचारतो, बाबा, हे कुठलं जंगल? (हशा)

आपल्याकडे पहाटे मोहफुलं वेचायला जाणारी बाई पांढऱ्या साडीला भीत नाही. ती खाली वाकलेली असते, म्हणून डोळ्यांपेक्षा कानांवर भरवसा ठेवते. वानर खाकरलं, सांबर ओरडलं, की जनावर कुठल्या अंगाला आहे ते तिला कळतं. आपली भीती अशी आवाजावर चालते.

आता गंमत बघा. ही भीती मला सगळ्यात नेमकी सापडली ती अवकाशातल्या सिनेमात. रिडली स्कॉटचा ‘एलियन’, १९७९ सालचा. त्यात तो प्राणी फार थोडा वेळ दिसतो. माणसं हातातल्या यंत्रावरून त्याचा माग घेतात. म्हणजे आपलं सांबरच ते!

पण मला तो आवडतो त्याचं खरं कारण वेगळं आहे. तो कामगारांचा सिनेमा आहे. नोस्ट्रोमो हे खनिज वाहून नेणारं यान. त्यावर सात माणसं. पार्कर आणि ब्रेट यंत्रं सांभाळतात, आणि जेवणाच्या टेबलावर पहिला विषय काढतात तो बोनसचा. कोळशाच्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. पुढे कळतं, की कंपनीचा गुप्त आदेश आहे: तो प्राणी आणा, माणसं गेली तरी चालतील. अंगावर काटा येतो तो इथे. प्राण्याला भूक आहे, त्याचं आपण समजू शकतो. त्या आदेशाचं काय करायचं?

दुसरा सिनेमा ‘तुंबाड’, २०१८ चा, राही अनिल बर्वे यांचा. गोष्ट कोकणातली. हस्तरला सोनं मिळालं, पण धान्य मिळालं नाही, म्हणून तो कायमचा उपाशी. विनायक त्याला कणकेच्या बाहुलीचं आमिष दाखवून मोहरा पळवतो. शेवटी बाप-लेक जास्त बाहुल्या घेऊन उतरतात, तर जितक्या बाहुल्या तितके हस्तर! हावेचं इतकं साधं गणित मी दुसऱ्या कुठल्या भयपटात पाहिलेलं नाही. जमिनीच्या वर धान आणि खाली कोळसा, अशा मुलखात बसून बघा, जास्त लागतो.

तरी माझी एक तक्रार आहे. ‘तुंबाड’मध्ये ज्यानं हाव केली तोच भोगतो. हा दिलासा आहे, मंडळी. ‘एलियन’ तो दिलासा देत नाही. आदेश काढणारा पडद्यावर येतसुद्धा नाही, मरतात ते बोनस मागणारे. आपल्या रानात काय होतं? वाघासमोर कोण येतं? मोह वेचणारी, तेंदूपत्ता तोडणारी, गुरं चारणारा. म्हणून मला ‘एलियन’ जास्त खरा वाटतो.

कोणी म्हणेल, ‘शेरनी’ आला की २०२१ मध्ये. आला, आणि चांगला आहे. पण ती वनाधिकाऱ्याची गोष्ट आहे. रान आपण तिच्याबरोबर बघतो, मोह वेचणारीबरोबर नाही.

मग आपली गोष्ट कुठे आहे? ताडोबाच्या तळ्याकाठी आहे. तारू हा गावचा प्रमुख, वाघाशी झुंजताना मेला, अशी कथा सांगतात. नेहमीच्या भयपटात असा अवचित मेलेला माणूस भूत होऊन सूड घ्यायला आला असता. इथे लोकांनी त्याला झाडाखाली बसवलं आणि देव मानलं. आणि वाघाला कोणी राक्षस केलं नाही.

भयपटासाठी ही फार अवघड गोष्ट आहे. सूड नाही, मांत्रिक नाही, शेवटी जाळायला हवेली नाही. पण झाडीपट्टीत धान निघालं की रात्रभर नाटक बघणारा प्रेक्षक आहे आणि त्याच्यासाठी लिहिणारे लेखकही आहेत. माझी मागणी त्यांच्याकडे आहे. मुंबईची वाट बघू नका. माणूस गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लिहायला सुरुवात करा. कारण दुसऱ्या पहाटेही मोह गळतच असतो, आणि घरातल्या कोणाला तरी टोपली घेऊन त्याच झाडाखाली जावं लागतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.