‘माध्यम’ की ‘प्रेरक’? : एका संज्ञेची चिकित्सा

मानवी रक्तपेशींच्या संवर्धनाविषयी मराठीत लिहिताना ‘वनस्पतिजन्य माध्यम’ ही संज्ञा सहज सुचण्याजोगी आहे. ती सुटसुटीत आहे. परंतु दोन भिन्न कार्ये ती एकाच नावाखाली आणते.

पेशी ज्या पोषक द्रवात ठेवतात, तो द्रव म्हणजे माध्यम होय. त्यात क्षार, शर्करा, अमिनो आम्ले व जीवनसत्त्वे असतात. बहुधा वासराच्या गर्भाचे सीरमही मिसळलेले असते. वनस्पतीपासून येणारे द्रव्य निराळेच : राजम्याच्या दाण्यातील फायटोहीमॅग्लुटिनिन. या नावाचा विग्रह ‘वनस्पतीतील, रक्तपेशींचे पुंजके करणारे’ असा होतो. तांबड्या पेशी खाली बसवून पांढऱ्या वेगळ्या करण्यासाठी ते वापरले जाई. 1960 मध्ये पीटर नॉवेल यांनी दाखविले की, याच द्रव्यामुळे पांढऱ्या पेशी विभाजन पावू लागतात. कार्य नवे कळले, नाव मात्र जुनेच राहिले. बॉइड यांनी 1954 मध्ये ‘निवडणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून ‘लेक्टिन’ हे नाव योजिले. बियांतील अशी काही प्रथिने रक्तगट ओळखतात, हा त्यामागील आधार. विभाजनाचा बोध त्यातूनही होत नाही.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. रक्तातील प्रौढ लसिकापेशी पोषण मिळाले तरी सहसा विभाजन पावत नाहीत; आणि विभाजनावाचून गुणसूत्रे स्पष्ट दिसत नाहीत. म्हणून जन्मजात गुणसूत्रदोषाच्या तपासणीत हे द्रव्य घालून पेशी सुमारे 72 तास वाढवितात. उलट, दीर्घकालीन मज्जाजन्य रक्तकर्करोगात रोगग्रस्त पेशी आपोआप विभाजन पावतात. तेथे हेच द्रव्य घातले, तर निरोगी लसिकापेशी विभाजन पावू लागतील आणि दोषयुक्त गुणसूत्र त्यांच्या गर्दीत झाकले जाईल. माध्यम दोन्हीकडे हवेच; प्रेरक मात्र एकीकडे आवश्यक, तर दुसरीकडे घातक. ज्या संज्ञेत हा भेद बुडतो, ती विद्यार्थ्याला चुकीच्या निदानाकडे नेऊ शकते.

अतएव ‘माध्यम’ हा शब्द पोषक द्रवापुरताच राखावा आणि राजम्यातील द्रव्यास ‘विभाजनप्रेरक’ म्हणावे. ‘लेक्टिन’ हा शब्द प्रथिनांच्या कुलाचे नाव म्हणून तसाच स्वीकारण्यास हरकत नाही. परिभाषा घडविताना मूळ शब्दाचा विग्रह पाहावा, हे खरे. पण त्याआधी ती वस्तू प्रत्यक्षात काय करते, हे पाहणे अगत्याचे आहे.