फायलीची तारीख म्हणजे मजकुराची तारीख नव्हे

डेटा गोळा करताना पीएचपीची एक छोटी स्क्रिप्ट बहुतेकजण लिहितात: फोल्डरमधल्या फायली घ्या, शेवटच्या बदलाच्या तारखेनुसार लावा, नवीन सगळ्यात वर. दहा ओळींत काम होतं, कोड चालतोही. माझा आक्षेप कोडवर थोडा आणि त्यामागच्या गृहीतकावर जास्त आहे.

उदाहरण आपल्या परभणीचंच घेऊ. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून ग्रामीण कृषी मौसम सेवेअंतर्गत दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. समजा, पावसाप्रमाणे पेरणीचा सल्ला कसा बदलला, हा तुमचा विषय आहे. पाच वर्षांच्या पीडीएफ जमवल्या तर पाचशेच्या आसपास फायली होतात. ७५ ते १०० मिमी पाऊस होईपर्यंत थांबा हा सल्ला कधी आला आणि पेरणी करा हा कधी, यावर तुमचा निष्कर्ष उभा आहे. म्हणजे इथे क्रम हाच पुरावा.

आता कोड बघा. एक रूढ पद्धत अशी: फाइलएमटाइमने मिळालेली वेळ ॲरेची की करायची, फायलीचं नाव व्हॅल्यू, मग केआरसॉर्ट. पण ही वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या पूर्ण सेकंदांत असते. दोन फायलींचा सेकंद एकच निघाला, तर दुसरी पहिलीच्या जागी बसते. फोल्डर कॉपी करताना एका सेकंदात कितीतरी लहान फायली लिहिल्या जातात. त्यातली एकच यादीत उरते, आणि एररही येत नाही! उपाय सोपा आहे: नाव की करा, वेळ व्हॅल्यू करा आणि एआरसॉर्ट वापरा.

दुसरी गोष्ट टाइमझोनची. सेटिंग यूटीसीवर राहिलं, तर १४ जूनला पहाटे ४ वाजता बदललेली फाइल १३ जूनची दिसते, कारण आपण साडेपाच तास पुढे आहोत. क्रम बिघडत नाही, पण तक्त्यातली तारीख चुकते.

हे दोन्ही दुरुस्त केलं तरी मूळ प्रश्न राहतोच. फाइलएमटाइम सांगतं ते एवढंच: या डिस्कवरच्या या प्रतीचा मजकूर शेवटचा कधी लिहिला गेला. सल्ला कधी निघाला हे त्याला ठाऊक नसतं. साधी कॉपी केली की आजची तारीख लागू शकते. गिटमधून क्लोन केलं तरी तेच, कारण गिट ही वेळ जपत नाही. मग फाइलसीटाइम वापरू, असं कुणी म्हणेल. पण लिनक्सवर ती निर्मितीची वेळ नाहीच; नुसती परवानगी बदलली तरी ती बदलते.

याचा अर्थ फाइलएमटाइम टाकाऊ आहे असा नाही. काल रात्री कोणत्या फायलीत हात घातला, बॅकअप कशाचा घ्यायचा, यासाठी ते उत्तम आहे. ते तुमच्या कामाचा इतिहास सांगतं, तुमच्या विषयाचा नाही.

मग करायचं काय? पीडीएफ उघडा, आत छापलेली तारीख वाचा आणि नावातच लिहा: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, जसं २०२४-०६-१४. महिना नेहमी दोन अंकी. स्कॅनडिर मुळातच नावानुसार क्रम लावतं, त्यामुळे अक्षरक्रम हाच कालक्रम होतो. सोबत एक साधी सीएसव्ही ठेवा: फायलीचं नाव, प्रसिद्धीची तारीख, डाउनलोडची तारीख आणि हॅशफाइलने काढलेला एसएचए-२५६. पुढे फाइल बदलली का, अशी शंका आली तर हॅश सांगेल.

पाचशे फायलींना दोन-तीन दिवस जातील, कंटाळाही येईल. पण व्हायवामध्ये “हा क्रम कशावरून?” असं विचारलं, तर “कॉम्प्युटरने लावला” हे उत्तर चालत नाही.

आजच एक करून बघा. तुमच्या फोल्डरमधल्या कुठल्याही दहा फायली घ्या आणि आतली तारीख बाहेरच्या तारखेशी ताडून पाहा. किती जुळतात ते मोजा आणि मगच पुढचं प्रकरण लिहायला घ्या.