‘ईआर’चे पहिले पर्व : चुकलेल्या निदानाचे नाट्य

एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर १९९४-९५ मध्ये प्रसारित झालेल्या ‘ईआर’ मालिकेचे पहिले पर्व मुख्यतः वेगावर उभे आहे. शिकागोतील रुग्णालयात रुग्ण येतात, जातात; अनेकांची नावेही लक्षात राहत नाहीत. (मालिकेचे आकर्षण बहुधा हेच.) ‘लव्हज् लेबर लॉस्ट’ हा भाग मात्र एका गर्भवतीपाशी थांबतो. तिच्या गर्भारपणातील रक्तदाबविकाराला डॉ. ग्रीन मूत्राशयाचा संसर्ग समजतात. मूल वाचते, आई दगावते. पटकथाकार लान्स जेंटाइल स्वतः आपत्कालीन विभागातील डॉक्टर होते, हे येथे जाणवते. प्रसूतितज्ज्ञ वेळेवर येत नाहीत, तरीही ग्रीन यांची चूक झाकली जात नाही. अन्य भागांत शौर्य भासणारा आत्मविश्वास येथे दोषास्पद ठरतो. अखेरीस ग्रीन रेल्वेत एकटेच रडतात; पटकथा त्यांचे सांत्वन करीत नाही.