डच वारनामे व प्रहरवाचक शब्द : व्युत्पत्तीचा पुनर्विचार

डच वारनामे म्हणजे जर्मानिक देवतांची नामावळी, असे विधान परिचयपर लेखनात वारंवार आढळते. 'वुन्सदाख' (बुधवार) वोदान या देवाचा आणि 'दोन्दरदाख' (गुरुवार) दोनारचा, येथवर ते ग्राह्य आहे. तथापि सात वारांची चौकट मुळात रोमन आहे. मर्क्युरी, ज्युपिटर यांच्या जागी स्थानिक देवता योजल्या गेल्या. शनीला मात्र असा पर्याय लाभला नाही, त्यामुळे 'झातरदाख'मध्ये रोमन सॅटर्न तसाच राहिला.

या विधानाची खरी कसोटी 'दिन्सदाख' (मंगळवार) या शब्दाशी लागते. इंग्रजी नावात तीव हा देव सरळ दिसतो. डच नावात तो दिसत नाही. ब्रिटनमधील हेड्रियनच्या भिंतीवरील हाउसस्टेड्स येथे 1883 मध्ये सापडलेल्या वेदीवर 'मार्स थिंक्सस' असा उल्लेख आहे. ती तुइहांती, म्हणजे बहुधा आजच्या पूर्व नेदरलँड्समधील ट्वेंटे भागातील, सैनिकांनी अर्पण केली होती. 'थिंग' म्हणजे न्यायसभा. वाराच्या नावात देवाचे नाव नव्हे, तर त्याचे सभापालक हे विशेषण उरले, ही उपपत्ती म्हणूनच अधिक पटते. वारनामांवरून लोकधर्माचा इतिहास रचणाऱ्यांनी येथे थांबून विचार करणे आवश्यक आहे. वोदानचे नाव ख्रिस्ती शतकांतही रूढ राहिले. त्यावरून त्याची उपासना टिकली असे कोणी म्हणणार नाही. उलट जर्मनने तेच नाव टाकून 'आठवड्याचा मध्य' असा निरुपद्रवी शब्द स्वीकारला.

दिवसाच्या भागांची नावे या रोमन चौकटीबाहेरची आहेत, आणि दोन्ही गटांना एकच नियम लावणे हा या लेखनातील मोठा दोष होय. 'नाख्त' (रात्र) व संस्कृत 'नक्त', 'खिस्तेरेन' (काल) व 'ह्यस्' हे सगोत्र शब्द आहेत. त्यांत उसनवारी नाही. 'मॉर्खेन' सकाळ आणि उद्या असे दोन्ही अर्थ वाहतो, म्हणून 'उद्या सकाळी' म्हणताना सकाळीसाठी 'ऑख्तेन्त' हा दुसरा शब्द योजावा लागतो. पूर्ण अहोरात्रासाठी 'एत्माल' हा स्वतंत्र शब्दही डचमध्ये आहे.

साम्य दिसताच नाते जोडण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. 'हाल्फ द्री', शब्दशः 'अर्धे तीन', म्हणजे अडीच वाजले. मराठी 'अडीच'ही 'अर्धतृतीय'पासून आला. मोजण्याची रीत एकच, पण ती कोणी कोणाकडून घेतल्याचा पुरावा या साम्यातून मिळत नाही. शिवाय 'हाल्फ फीर' म्हणजे साडेतीन, आणि तेथे मराठीने 'सार्ध'चा निराळा मार्ग धरला आहे.