‘घरघर’ : नादशब्द आणि लिखाणाचा जिवंतपणा

मंडळी, लिखाण जिवंत करायचं तर नादशब्द वापरा, असा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. ‘धो धो पाऊस, सूं सूं वारा, कडाड वीज’ असं लिहिलं की लेखकाला वाटतं, वादळ उभं राहिलं. वाचकापुढे मात्र काहीच उभं राहत नाही. हे शब्द आपण इतके वाचलेत, की ते आता ऐकूच येत नाहीत.

मुळात शब्द आवाजाची नक्कल करतो का? वाद जुना आहे. यास्कानं निरुक्तात ‘काक’ हा शब्द कावळ्याच्या ओरडण्यावरून आला असं म्हटलं, आणि तिथेच औपमन्यवाचं विरुद्ध मतही नोंदवलं. प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’मध्येही हीच चर्चा आहे: नावं निसर्गानं ठरतात की संकेतानं? सोस्यूरचं म्हणणं, नादशब्दांतही संकेताचा वाटा असतोच. बघा ना, आपला कोंबडा ‘कुकूचकू’ करतो, फ्रेंच कोंबडा ‘कोकोरिको’. कोंबडा तोच!

शिवाय मराठीत ‘लखलख’, ‘लुकलुक’, ‘मिणमिण’ आहेत. दिवा मिणमिणतो तेव्हा कानाला काय ऐकू येतं? काहीच नाही. म्हणजे हे शब्द नुसती नक्कल करत नाहीत. अनुभव कसा घडतोय, ते सांगतात. म्हणून माझी कसोटी साधी आहे. शब्द काढून बघा. वाचकाला काही कमी कळलं का?

लहानपणी आमचं कौलारू घर गळायचं. आई पातेलं ठेवायची. रिकाम्या पातेल्यात थेंब पडला की ‘टण्’, तळाशी पाणी साचलं की ‘टप’, भरत आलं की ‘डुबुक’. अंथरुणातूनच कळायचं, आता उठायला हवं. या तीन शब्दांत अर्धी रात्र सरते. इथे एकही शब्द काढता येत नाही.

आता ‘घरघर’ घ्या. पहाटे आईच्या जात्याची घरघर ऐकत आम्ही जागे व्हायचो. शेवटच्या रात्री तिच्या घशात घरघर लागली. तिच्यावर लेख लिहिताना मी हा शब्द खोडला आणि ‘श्वसन कष्टप्रद झाले’ असं लिहिलं. प्राध्यापकी सभ्यता, दुसरं काय! आज तो लेख वाचतो तेव्हा आई त्यात सापडत नाही. जातं आणि मरण भाषेनं एका शब्दात आधीच जोडून ठेवलं होतं. मी ते तोडलं.

आणि वर्तमानपत्रांत? कारखान्याला घरघर, पक्षाला घरघर. लिहिणाऱ्यानं ना जातं ऐकलेलं असतं, ना तो घसा.

तेव्हा नादशब्द जरूर वापरा, पण जो आवाज तुम्ही स्वतः ऐकलाय त्याचाच. आणि असा शब्द आपणहून आला, तर माझ्यासारखा खोडू नका.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.